इमारत परक्याची, भांडण घरचे

१५ ऑगस्ट हा कोरियाचाही स्वातंत्र्यदिन. १९४५ साली याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली आणि कोरियावरची पस्तीस वर्षांची जपानी सत्ता संपली. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, सेऊलच्या मध्यभागी मोठ्या गर्दीसमोर एका प्रचंड ग्रॅनाइटच्या इमारतीचा कळस घुमटावरून सोडवून क्रेनने खाली उतरवण्यात आला. जपानी गव्हर्नर-जनरलची ती कचेरी. पुढच्या वर्षी ती पुरती जमीनदोस्त झाली.

त्याच जपानी सत्तेने तैपेईतही आपल्या गव्हर्नर-जनरलसाठी अशीच भव्य कचेरी बांधली होती. ती १९१९ साली पुरी झाली. लाल विटा, त्यांत पांढरे पट्टे आणि मधोमध साठ मीटरचा मनोरा. ती आजही उभी आहे, तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे आणि तैवानचे राष्ट्राध्यक्ष तिथूनच कारभार पाहतात.

दोन्ही वास्तू एकाच सत्तेच्या, जवळपास एकाच काळातल्या, एकाच कामासाठी बांधलेल्या. मग एकीच्या वाट्याला घण का आला आणि दुसरीच्या वाट्याला मान का? जपान कोरियात क्रूर वागला आणि तैवानमध्ये सौम्य, असे सरधोपट उत्तर नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. तैवानमध्ये १९३० साली वुशे येथे सेडिक आदिवासींनी उठाव केला तेव्हा जपान्यांनी तोफा आणि विमाने वापरून तो चिरडला होता. पूर्व आशियातली शहरे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली की मला वेगळेच उत्तर दिसते. वसाहतकाळातली वास्तू टिकणार की पडणार, हे ती बांधणाऱ्या सत्तेवरून क्वचितच ठरते. त्या सत्तेनंतर जे राज्यावर आले, त्यांच्याशी लोकांचे काय जमले आणि काय बिनसले, त्यावर ते ठरते. इमारत परक्याची असली तरी तिच्यावरून होणारे भांडण घरचेच असते.

सेऊलपासून सुरुवात करू, कारण पाडण्याच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद तिथे होता. १३९५ साली बांधलेला ग्योंगबोकगुंग राजवाडा हे जोसन घराण्याचे मुख्य पीठ. १९१० साली कोरिया ताब्यात घेतल्यावर जपान्यांनी राजवाड्याच्या आवारातल्या बहुतेक वास्तू पाडल्या किंवा हलवल्या आणि सिंहासनाच्या दालनाचे तोंड झाकले जाईल अशा बेताने ही कचेरी बांधायला घेतली. बांधकाम दहा वर्षे चालले आणि १९२६ साली संपले. राजवाड्याचे महाद्वार ग्वांगह्वामुन आड येत होते, तेही पाडायचे ठरले. त्याविरुद्ध १९२२ साली लेख लिहिला तो एका जपान्याने, लोककलांचे अभ्यासक यानागी मुनेयोशी यांनी. द्वार वाचले, पण जागेवर राहिले नाही. ते उचलून राजवाड्याच्या पूर्व बाजूला नेण्यात आले. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यापुढे मुद्दाम भिंत घालावी, तशी ही इमारत होती. ती नको वाटली म्हणून कोरियनांना दोष देता येत नाही.

तरीही १९४५ नंतरची पन्नास वर्षे त्याच भिंतींनी पाहिली होती. १५ ऑगस्ट १९४८ रोजी कोरिया प्रजासत्ताकाच्या सरकारची घोषणा या इमारतीसमोर झाली. कोरियन युद्धात ती जळाली, १९६२ साली दुरुस्त होऊन सरकारी मुख्यालय बनली आणि १९८६ मध्ये तिथे राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आले. लष्करी राजवटींनीही आपला कारभार तिथूनच हाकला. किम यंग-साम १९९३ साली राष्ट्राध्यक्ष झाले. तीन दशकांतले ते पहिले बिगरलष्करी राष्ट्राध्यक्ष. इतिहास नीट मार्गावर आणायचा, अशी त्यांच्या सरकारची मोहीम होती. कळस उतरला तो १९९५ च्या ऑगस्टमध्ये, आणि त्याच वर्षअखेरीस चुन दू-ह्वान आणि रो ते-वू हे दोन माजी सेनानी राष्ट्राध्यक्ष गजाआड गेले. ही दोन्ही कामे एकाच मोहिमेतली होती. कोरियन लष्करशाहीचा हिशेब चुकता करताना जपानी दगडावर पहिला घाव घालणे सोपेही होते आणि लोकप्रियही.

या राजकारणाचा एक बारकावा ग्वांगह्वामुनच्या दारातच सापडतो. लष्करी उठावातून सत्तेवर आलेले पार्क चुंग-ही यांनी १९६८ साली ते पुन्हा समोर आणून उभारले. युद्धात वरचा लाकडी भाग जळाला होता, म्हणून त्यांनी तो काँक्रीटमध्ये केला. पण द्वार उभे केले ते मागच्या जपानी कचेरीच्या रेषेत, आणि ती रेषा राजवाड्याच्या मूळ अक्षाशी जुळत नव्हती. राष्ट्रीय अस्मितेचे प्रतीक म्हणून उभारलेले महाद्वार अशा रीतीने चाळीसेक वर्षे परक्या कचेरीकडे पाहून किंचित तिरके उभे होते. पार्क स्वतः जपानने मांचुरियात उभ्या केलेल्या राज्याच्या लष्करी अकादमीत शिकले होते, हे इथे सांगायला हवे. २०१० साली द्वार पुन्हा लाकडात बांधले गेले आणि तेव्हा कुठे ते मूळ अक्षावर आले.

पाडलेल्या इमारतीचे अवशेष चोनान शहराजवळच्या स्वातंत्र्य स्मारकात आहेत. कळस जमिनीच्या पातळीखाली पाच मीटर खोल खड्ड्यात ठेवला आहे, म्हणजे पाहणारा त्याच्याकडे वरून खाली पाहतो. जागाही मुद्दाम पश्चिमेची, मावळतीच्या बाजूची निवडली आहे. हा अवमान विचारपूर्वक रचलेला आहे आणि ज्यांनी गुलामी भोगली त्यांना तो करण्याचा हक्क आहे, असे मला वाटते. माझी हरकत आहे ती त्यानंतर लागलेल्या सवयीला. सेऊलची जुनी नगरपालिकेची इमारत (१९२६) भांडून-तंडून दर्शनी भागापुरती वाचली आणि २०१२ पासून तिथे ग्रंथालय आहे. १९२५ चे रेल्वे स्थानकही सांस्कृतिक केंद्र होऊन वाचले. पण १९२५ चेच दोंगदेमुन क्रीडांगण पाडले गेले आणि तिथे झाहा हदीद यांच्या आराखड्याचे चकाकते संकुल २०१४ साली उघडले. त्या मैदानावर कोरियनांच्या कित्येक पिढ्या बेसबॉल आणि फुटबॉल खेळल्या होत्या. इमारतीला जपानी म्हटले की तिच्यातल्या कोरियन आठवणींची किंमत शून्य धरता येते, आणि जमीन मोकळी करायला निघालेल्यांना ते फार सोयीचे जाते.

सोदेमुन तुरुंगाची कथा याच्या उलटी. १९०८ साली उघडलेल्या या तुरुंगात जपान्यांनी स्वातंत्र्यसैनिकांचे हाल केले. तो जपला आहे, १९९८ पासून तिथे संग्रहालय आहे आणि शाळेच्या सहली तिथे येतात. पण हा तुरुंग १९८७ पर्यंत चालू होता. त्याच कोठड्यांत कोरियन हुकूमशहांनी लोकशाहीवादी कार्यकर्ते, विद्यार्थी आणि विरोधक डांबले. संग्रहालयाचा भर मात्र १९४५ पर्यंतच्या काळावरच आहे. परक्याने केलेला छळ दाखवायला इमारत जपायची आणि आपल्या माणसाने केलेल्या छळाला त्यात कोपराच द्यायचा, हे अर्धेच जतन झाले.

दुसरीकडे हेच कोरियन सरकार जपानला नेमका हाच प्रश्न विचारते. जपानच्या मेजी काळातल्या औद्योगिक स्थळांना २०१५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत हाशिमा बेटावरची कोळशाची खाण आहे, जिथे कोरियन मजुरांना सक्तीने राबवले गेले. त्यांची कहाणी सांगू, असे आश्वासन जपानने दिले होते. ते नीट पाळले नाही म्हणून २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने तीव्र खेद व्यक्त केला. या मागणीत कोरिया शंभर टक्के बरोबर आहे.

आता तैपेई. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने तैवान जपानकडे गेले आणि १९४५ साली चीनच्या राष्ट्रवादी कुओमिंतांग सरकारकडे आले. मायदेशाचे राज्य येणार म्हणून लोकांनी आनंदाने स्वागत केले. दीड वर्षात त्या आनंदाची राख झाली. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईत मक्तेदारी खात्याच्या अंमलदारांनी चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेला मारहाण केली. दुसऱ्या दिवशी शहर पेटले आणि त्यानंतर मुख्य भूमीवरून आलेल्या फौजांनी हजारो माणसे मारली. १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. या काळात कुओमिंतांगला तैवान चिनी करून दाखवायचे होते आणि जपानी खुणा त्यात खुपत होत्या. १९७२ मध्ये जपानने बीजिंगशी संबंध जोडले. त्या रागाचे पडसाद १९७४ च्या सरकारी आदेशात उमटले. जपानी साम्राज्याचा तोरा मिरवणाऱ्या स्मारकांची साफसफाई करा, असा तो आदेश होता. शिंतो देवळे, स्तंभ, शिलालेख धडाधड गेले.

ताओयुआनचे १९३८ साली लाकडात बांधलेले शिंतो देऊळ वाचले. १९८५ च्या सुमारास ते पाडायचे घाटत होते. वास्तुतज्ज्ञांनी आणि वृत्तपत्रांनी हा विषय लावून धरला आणि देऊळ राहिले. लष्करी कायदा उठल्यावर वारे पुरते फिरले. आम्ही तैवानी, निव्वळ चिनी नव्हे, असे म्हणणाऱ्या पिढीला आपल्या वेगळेपणाचा पुरावा हवा होता आणि तो गल्लोगल्ली उभा होता. जपानी लाकडी घरे, साखर कारखाने, तंबाखूचे आणि मद्याचे कारखाने, स्थानके. हुआशान आणि सोंगशान इथल्या जुन्या कारखान्यांत आज प्रदर्शने, पुस्तकांची दुकाने आणि तरुणांची झुंबड असते. या प्रेमाचा रोख जपानकडे कमी आणि कुओमिंतांगच्या एकरंगी इतिहासाकडे जास्त आहे. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचेच पाहा. ३१ मे १९४५ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात ती उद्ध्वस्त झाली होती. कुओमिंतांगने ती दुरुस्त केली आणि आपले नेते चिआंग काय-शेक यांच्या साठीनिमित्त तिला त्यांच्या दीर्घायुष्याचे नाव दिले. ते नाव अधिकृतपणे गेले २००६ साली. त्या वादात इमारतीच्या जपानीपणाबद्दल फारसे कुणी बोलले नाही. सगळा झगडा चिआंग यांच्याशी होता.

हा झगडा दगडधोंड्यांपर्यंत कसा पोचतो याचे एक उदाहरण जरा जवळून पाहू. दक्षिण तैवानच्या उशानथौ जलाशयाकाठी हात्ता योइची या जपानी अभियंत्याचा पुतळा आहे. त्याने बांधलेल्या आणि १९३० साली पुऱ्या झालेल्या इथल्या धरणाने आणि त्याच्या कालव्यांनी जियानान मैदान भिजवले. पुतळ्यातला हात्ता जमिनीवर बसलेला आहे, एक गुडघा वर, हात डोक्याशी, विचारात गढलेला. घोडा नाही, तलवार नाही, उंच चौथराही नाही. महायुद्धात धातूसाठी पुतळे वितळवले जात होते तेव्हा आणि नंतर जपानी खुणा पुसल्या जात होत्या तेव्हाही स्थानिक लोकांनी तो लपवून ठेवला. पुढे १९८१ साली तो पुन्हा जागेवर आला. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्री तैवानच्या चीनशी एकीकरणाच्या बाजूच्या लोकांनी त्याचे मुंडके कापून नेले. काही दिवसांतच तैपेईजवळ यांगमिंगशानमध्ये चिआंग यांच्या एका पुतळ्याचे मुंडके गेले. हात्ताच्या स्मृतिदिनाला, ८ मेला, पुतळा दुरुस्त होऊन समारंभपूर्वक परत उभा होता. त्या भागातल्या शेतकऱ्याच्या लेखी हात्ता म्हणजे कालव्याचे पाणी. तैपेईच्या राजकारणात मात्र तो एका पक्षाचा देव आणि दुसऱ्याचा दैत्य.

तैवानच्या जतनाचे कौतुक करताना दोन गोष्टी झाकू नयेत. पहिली म्हणजे आगी. मालकाला नको असलेल्या जुन्या वास्तूला स्मारकाचा दर्जा मिळण्याची चिन्हे दिसू लागली की तिला रात्री आग लागते, हे तैवानमध्ये इतक्यांदा घडले आहे की जुनी घरे आपोआप पेटतात, असे लोक उद्वेगाने म्हणतात. दुसरी गोष्ट लोशेंग रुग्णालयाची, आणि ती मला जास्त बोचते. जपानी सरकारने १९३० साली तैपेईच्या कडेला कुष्ठरोग्यांसाठी हे रुग्णालय बांधले. रोग्यांना सक्तीने पकडून आणून तिथे कोंडले जाई. पुढे कायदा बदलला, पण आयुष्य तिथेच गेलेल्या म्हाताऱ्यांना दुसरे घर उरले नव्हते. मेट्रोच्या कारशेडसाठी ती जागा ठरली आणि आंदोलन उभे राहिले. रोगी चाकाच्या खुर्च्यांवर बसून मोर्च्यात आले, विद्यार्थी त्यांच्याबरोबर रस्त्यावर बसले. तरी २००८ मध्ये बरेचसे आवार पाडले गेले. ज्या देशात जपानी काळातल्या गोदामांना कॅफेची झळाळी मिळते, तिथे त्याच काळातली ही वस्ती वाचवायला वृद्ध रोग्यांना पोलिसांशी झुंजावे लागले. टोकियोच्या न्यायालयाने मात्र २००५ मध्ये लोशेंगच्या रहिवाशांना भरपाईचा हक्क मान्य केला आणि पुढच्या वर्षी जपानने कायदा बदलून ती दिली.

हाँगकाँगमध्ये बराच काळ जुन्या इमारतींचे कुणाला सोयरसुतक नव्हते. कौलूनचे रेल्वे टर्मिनस १९७८ मध्ये पाडले आणि फक्त घड्याळाचा मनोरा ठेवला. हाँगकाँग क्लबची जुनी वास्तू १९८१ मध्ये गेली. मरे हाउस ही १८४४ ची लष्करी इमारत दगडांवर क्रमांक टाकून उतरवली आणि तिच्या जागी बँक ऑफ चायनाचा मनोरा आला. ते दगड वर्षानुवर्षे पडून होते, मग स्टॅनलेच्या किनाऱ्यावर पुन्हा रचले गेले. विरोध करणारे मूठभर, तेही बहुतेक इंग्रज वर्तुळातले. निर्वासित होऊन आलेल्या चिनी कुटुंबांपुढे घर आणि पोट हेच प्रश्न होते.

२००६ मध्ये हे बदलले. समुद्र बुजवून रस्ता काढायचा म्हणून सेंट्रल भागातला स्टार फेरीचा धक्का पाडायचे ठरले. धक्का १९५७ चा, साधाच, वास्तुकलेच्या पुस्तकात नाव निघावे असा नव्हे. शेवटची बोट ११ नोव्हेंबरला सुटली तेव्हा प्रचंड गर्दी लोटली. डिसेंबरात तरुणांनी आत घुसून ठिय्या दिला, तरी घड्याळाचा मनोरा तोडला गेला. मग शेजारचा क्वीन्स पिअर. इथे नवे ब्रिटिश गव्हर्नर उतरत आणि १९७५ साली राणी एलिझाबेथ उतरली होती. २००७ च्या उन्हाळ्यात तरुणांनी तिथे मुक्काम ठोकला, उपोषणे केली. तेव्हाच्या विकास सचिव कॅरी लाम स्वतः धक्क्यावर येऊन त्यांच्याशी बोलल्या आणि पाडण्याचा निर्णय बदलणार नाही असे सांगून गेल्या. १ ऑगस्टला पोलिसांनी आंदोलकांना उचलले. सुटे केलेले भाग जपून ठेवू आणि पुन्हा उभारू, असे आश्वासन मिळाले.

ही मुले ब्रिटिश राजवटीसाठी गळा काढत होती, अशी टीका झाली. ती मला साफ चुकीची वाटते. एप्रिल १९६६ मध्ये स्टार फेरीचे पहिल्या वर्गाचे भाडे पाच सेंटने वाढणार होते तेव्हा सो साउ-चुंग नावाचा तरुण फेरीच्या सेंट्रलमधल्या धक्क्यावर एकटा उपोषणाला बसला. त्याच्या अटकेनंतर कौलूनमध्ये दंगली झाल्या आणि ब्रिटिश सरकारला हाँगकाँगच्या सामान्य माणसाकडे पाहणे भाग पडले. आंदोलक त्या आठवणीसाठी भांडत होते. गव्हर्नर उतरले त्या पायऱ्यांवर प्रेमी युगुले बसत, म्हातारे गळ टाकत, मोलकरणी रविवारी जमत. आपल्या शहराचे काय करायचे हे आम्हाला विचारा, एवढीच त्यांची मागणी होती आणि ती बीजिंगच्या मर्जीतल्या सरकारकडे होती.

त्यानंतर सरकारने वारसा आयुक्तांचे कार्यालय काढले, जुन्या वास्तू संस्थांना चालवायला देण्याची योजना २००८ मध्ये आणली आणि जुने मध्यवर्ती पोलिस ठाणे व तुरुंग डागडुजी करून २०१८ मध्ये ताय क्वुन या नावाने खुले केले. काम उत्तम आहे, पण ते शिष्टांचे ठिकाण झाले आहे. माझ्या मते हाँगकाँगमधले सर्वांत मोलाचे जतन वान चायमधल्या ब्लू हाउसचे. १९२० च्या दशकातली ही चार मजली चाळ. रंगवायची वेळ आली तेव्हा सरकारी गोदामात पाणीपुरवठा खात्याचा निळा रंगच शिल्लक होता, म्हणून ती निळी झाली, असे सांगतात. सरकारला भाडेकरू हलवून तिथे पर्यटकांसाठी काही थाटायचे होते. भाडेकरू आणि कार्यकर्ते म्हणाले, घर ठेवा आणि माणसेही ठेवा. शेवटी तसेच झाले. जुने रहिवासी राहिले, संडास-न्हाणीघरे सुधारली, जिने पक्के झाले आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांतला सर्वोच्च पुरस्कार या चाळीला मिळाला. गिरगाव-लालबागच्या पुनर्विकासाच्या फायली हलवणाऱ्यांनी ही चाळ एकदा पाहून यावी.

त्यापुढचा हाँगकाँगचा इतिहास कडवट आहे. २०१५ मध्ये टपाल खात्याने जुन्या पेट्यांवरची ब्रिटिश राजचिन्हे झाकायचा विचार बोलून दाखवताच लोक खवळले. १ जुलै २०१९ रोजी विधिमंडळात घुसलेल्या निदर्शकांनी अध्यक्षांच्या आसनापुढे वसाहतकालीन झेंडा पसरला. २०२२ च्या नव्या पाठ्यपुस्तकांनी तर हाँगकाँग ही ब्रिटिश वसाहत कधी नव्हतीच, अशी मांडणी केली. बीजिंगची ही भूमिका जुनीच आहे आणि तिच्या जोरावर १९७२ मध्ये चीनने संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतींच्या यादीतून हाँगकाँग व मकाऊची नावे काढायला लावली होती. हाँगकाँग विद्यापीठाची १९१२ ची मुख्य इमारत संरक्षित स्मारक आहे आणि तिच्या एका विटेलाही धोका नाही. त्याच विद्यापीठाच्या आवारातले तियानआनमेनच्या मृतांचे शिल्प डिसेंबर २०२१ मधल्या एका रात्री उचलले गेले. ज्या दगडाचे कुणाशी भांडण उरलेले नाही, तो निर्धास्त असतो.

मकाऊवर फार रेंगाळत नाही. पोर्तुगीज तिथे १५५७ मध्ये स्थिरावले आणि १८४४ पर्यंत ही वसाहत गोव्याच्या अखत्यारीत होती. १९६६ च्या डिसेंबरात दंगल उसळली तेव्हा लोकांनी कर्नल मेस्किताचा पुतळा ओढून पाडला. गव्हर्नर फेरेरा दो अमारालचा अश्वारूढ पुतळा १९९२ मध्ये लिस्बनला परत धाडला गेला. पणजीचा अफोंसो द अल्बुकर्क असाच शहरातून हटून जुन्या गोव्याच्या संग्रहालयात जाऊन बसला आहे, हे गोवेकरांना ठाऊक असेल. पुतळे गेल्यावर बाकीचे चर्च-चौक निरुपद्रवी झाले. २००५ मध्ये जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि कॅसिनोसाठी येणाऱ्या गर्दीला छायाचित्रांची सोय झाली. जिवंत वाद झाला तो गिया दीपगृहासमोर उंच इमारती उठू लागल्या तेव्हा. नागरिकांनी थेट युनेस्कोला पत्रे लिहिली आणि २००८ मध्ये सरकारला उंचीवर मर्यादा घालावी लागली.

चीनच्या मुख्य भूमीवर लोकांना असे भांडायला वावच नाही, त्यामुळे निर्णय पक्षाचा आणि पैशाचा. हार्बिनचे सेंट निकोलस चर्च १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीत पाडले, सेंट सोफिया १९९७ मध्ये संग्रहालय करून नटवले. छिंगताओ जर्मन बिअरवर आणि जर्मन कौलांवर पर्यटक ओढते. चांगचुन ही जपान्यांच्या बाहुल्या मांचुकुओ राज्याची राजधानी. तिथल्या राजवाड्याच्या संग्रहालयाच्या नावातच ते राज्य बनावट होते असा शिक्का आहे. मात्र त्याच शहरातल्या जपानी क्वांतुंग सैन्याच्या मुख्यालयात, जपानी किल्ल्याच्या धर्तीच्या छपराखाली, कम्युनिस्ट पक्षाची प्रांतिक कचेरी आहे. इमारत सोयीची असेल तर राष्ट्रीय अपमानाची आठवण आड येत नाही. शांघायच्या शिनतियानदीमध्ये फ्रेंच वसाहतीतल्या दगडी चौकटींच्या चाळी २००१ मध्ये उपाहारगृहे आणि दुकाने होऊन झळकल्या. लागूनच १९२१ ची पक्षाची पहिली परिषद भरली ते घर आहे. चाळीतली शेकडो कुटुंबे शहराच्या कडेला गेली. श्रमिकांच्या पक्षाच्या जन्मस्थळाशेजारी श्रमिकांना जागा राहिली नाही.

शांघायच्याच बंद या नदीकाठच्या रस्त्यावर १९२३ ची हाँगकाँग-शांघाय बँकेची इमारत आहे. घुमटाखालच्या अष्टकोनात रंगीत काचतुकड्यांची आठ चित्रे आहेत, एकेक एकेका शहराचे: लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो, बँकॉक, हाँगकाँग, शांघाय आणि कोलकाता. पन्नाशीच्या दशकात नगर सरकार इथे आले तेव्हा ती झाकून टाकण्यात आली. १९९७ च्या नूतनीकरणात ती पुन्हा उजेडात आली आणि आता लोक मान वर करून पाहत उभे राहतात. या बँकेच्या संस्थापक समितीत आर्थर ससून होते आणि पारशी व्यापारीही होते. थोडे पुढे हिरव्या निमुळत्या छपराचे ससून हाउस, १९२९ चे. ते बांधणाऱ्या व्हिक्टर ससून यांच्या घराण्याच्या मुंबईत कापड गिरण्या होत्या आणि मुंबईतलाच पैसा त्यांनी शांघायकडे वळवला. हाँगकाँग विद्यापीठाची ती निर्धास्त इमारत होरमसजी मोदी या मुंबईकर पारशाच्या देणगीतून उभी राहिली. स्टार फेरीची सुरुवातही दोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईच्या पारशाने १८८८ मध्ये केली.

या सगळ्या संपत्तीच्या मुळाशी मोठ्या प्रमाणावर अफू होती. माळव्यात पिकलेली, मुंबई बंदरातून चीनला गेलेली. तिच्या नफ्यातून मुंबई-पुण्यात रुग्णालये, ग्रंथालये, गोद्या, कलाशाळा उभ्या राहिल्या आणि त्या आपण अभिमानाने वापरतो. पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचार घेणाऱ्याला किंवा जे. जे. मध्ये शिकणाऱ्याला हा भाग कुणी सांगत नाही. तिकडे शांघायमध्ये अफूचा दोष एकट्या ब्रिटनच्या माथी मारला जातो आणि मुंबईचे नाव निघत नाही. सोदेमुनची अपुरी कथा आपण दाखवून देतो, तर आपलीही कथा पुरी सांगायला हवी.

त्यासाठी लागणारे कागद दूर नाहीत. जे. जे. म्हणजेच जमशेदजी जीजीभॉय यांच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. मुंबई इलाख्याची सरकारी दप्तरे काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या अगदी शेजारी. चिनी किंवा कोरियन शिकणारी मराठी मुले-मुली आता कमी नाहीत. त्यांच्यापैकी चार जणांनी जरी ही दप्तरे आणि तिकडची दप्तरे एकत्र वाचायला घेतली, तरी मुंबईपासून शांघायपर्यंतच्या या इमारतींची खरी हकिकत मराठीत प्रथमच लिहिली जाईल. विद्यापीठांनी आणि साहित्य संस्थांनी त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.